कुठे खट्ट झालं?

जुनी गाडी घेतली की तिच्याबरोबर तीन गोष्टी घरी येतात: आरसी बुक, आधीच्या मालकाने डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपती आणि एक आवाज. पहिल्या दोन गोष्टी व्यवहाराच्या दिवशीच हातात पडतात. आवाज आठवडाभराने उगवतो. ट्रायल मारताना तो नव्हता, एजंटासमोर नव्हता. घरच्यांना पहिल्यांदा फिरवायला नेलं तेव्हा नेमका स्पीडब्रेकरवर, पुढच्या डाव्या बाजूने ‘खट्ट’ झालं.

मग ज्याला त्याला निदान सुचतं. शेजारचे काका म्हणतात शॉकअप गेलाय. मित्र म्हणतो लिंक रॉड. मामा म्हणतात, तरी सांगत होतो, नवी घे. आणि गॅरेजमध्ये नेली की गाडी चिडीचूप. दवाखान्याची पायरी चढताच दुखरा दात थांबावा, तसं.

हे सगळ्यांच्याच बाबतीत होतं, त्यात नवल नाही. नवल आहे ते या प्रश्नाच्या वयाचं. आत काहीतरी वाजतंय, ते उघडून न बघता कसं ओळखायचं? हा प्रश्न मोटारीपेक्षा कितीतरी जुना आहे. आणि मोटारीच्या जमान्यात, अशाच एका आवाजावर काढलेल्या उपायाने जगभरातल्या काही पिढ्यांच्या रक्तात विष मिसळलं. जुन्या गाडीच्या आवाजाचा इतिहास सांगायचा तर त्या उपायापाशी थांबावंच लागतं.

वाजवून घेणं

मराठीत या कलेला सुटसुटीत नाव आहे: वाजवून घेणं. उन्हाळ्याच्या तोंडावर माठ घेताना आजी बोटाच्या पेराने त्यावर टिचकी मारते. धड माठ खणखणतो, चीर गेलेला बद्द वाजतो. नारळ कानाशी हलवून बघतात, कलिंगडावर थाप मारतात. चांदीचे रुपये चलनात होते तेव्हा सराफ ते फरशीवर टाकून ऐकायचे. भरवशाच्या माणसाला आपण आजही ‘खणखणीत नाणं’ म्हणतो, ते त्या फरशीवरून आलेलं आहे. यामागचं कारण साधं आहे. अखंड वस्तूला धक्का बसला की ती सगळी मिळून एकसारखी थरथरते आणि नाद काही काळ टिकतो. मध्ये चीर असेल तर तिच्या दोन कडा एकमेकींवर घासतात, थरथर तिथेच जिरते, नाद मरतो.

हीच युक्ती वैद्यकात १८व्या शतकात आली. ऑस्ट्रियातल्या लिओपोल्ड आउएनब्रुगर या डॉक्टरने रुग्णाच्या छातीवर बोटांनी ठोकून आत पाणी साचलंय का ते ओळखायची पद्धत १७६१ मध्ये पुस्तकरूपाने मांडली. त्याचे वडील खानावळवाले होते आणि दारूचं पिंप कितपत भरलंय ते ठोकून बघण्याची पद्धत त्याने लहानपणी पाहिली होती, असं सांगतात. पुढे १८१६ मध्ये पॅरिसच्या रेने लाएनेकने कागदाची सुरळी करून तिचं एक टोक रुग्ण बाईच्या छातीला आणि दुसरं आपल्या कानाला लावलं. स्टेथोस्कोपचा जन्म त्या सुरळीतून झाला. या दोघांच्याही आधी, १७व्या शतकात, इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने हे स्वप्न लिहून ठेवलं होतं: घड्याळाची टिकटिक जशी ऐकू येते, तशीच शरीराच्या आतल्या अवयवांची हालचालही आवाजावरून ओळखता येईल. त्याच्या मृत्यूनंतर, १७०५ मध्ये ते छापलं गेलं. हूकच्या डोक्यात यंत्र आणि शरीर शेजारीशेजारीच होते, हे लक्षात ठेवायला हवं. पुढे त्या दोघांचं नशीब एकमेकांत गुंतणार होतं.

आगगाडी आली तशी ही कला लोखंडावर आली. गाडी स्टेशनात उभी राहिली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन एक माणूस डब्यांखालच्या चाकांवर ठोके मारत जायचा. आपल्याकडेही कितीतरी जणांच्या आजोबांनी हे दृश्य पाहिलेलं असेल. माठावर टिचकी मारणारी आजी आणि चाकावर हातोडा मारणारा रेल्वे कामगार, दोघं एकच काम करत होते. फरक एवढाच की माठ फुटला तर पाणी सांडतं, चाक फुटलं तर माणसं मरतात.

डेटनमधला ठोका

सुरुवातीच्या मोटारींमध्ये आवाज शोधायचा प्रश्नच नव्हता, कारण सगळी गाडीच आवाज होती. मराठीने मोटारसायकलला ‘फटफटी’ हे नाव दिलं ते उगाच नाही. गाड्या जसजशा शांत होत गेल्या, तसतसा एखादा आवाज वेगळा उठून दिसू लागला. त्यातला सगळ्यात छळवादी आवाज इंजिनाच्या पोटातून यायचा. चढावर, ओझं असताना, ॲक्सिलरेटर दाबला की ‘टणटण’ करत कुणीतरी आतून हातोडीने ठोकतंय असं वाटायचं. इंग्रजीत त्याला ‘नॉक’ म्हणत. आपल्याकडचे मेकॅनिक आजही ‘नॉकिंग’च म्हणतात. या आवाजाने ताकद कमी व्हायची, इंजिन तापायचं आणि प्रकरण हाताबाहेर गेलं तर पिस्टनला भोक पडायचं.

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंग हा इंजिनिअर राहत होता. १९१२च्या कॅडिलॅक गाडीला त्याने विजेचा स्टार्टर आणि बॅटरीवरची ठिणगी-व्यवस्था दिली होती. हँडल फिरवून गाडी सुरू करण्यातून लोकांची सुटका झाली. पण इंजिन ठोकायला लागलं की बोट केटरिंगच्या नव्या यंत्रणेकडे दाखवलं जाई. थोडक्यात, गाडी वाजली की शेवटचा हात ज्याने लावला त्याच्यावर आळ. हा न्याय आजही गॅरेजमध्ये चालतो. केटरिंगच्या कंपनीने शेतघरांसाठी बनवलेले, रॉकेलवर चालणारे वीजनिर्मितीचे छोटे संच तर आणखीच ठोकायचे. १९१६ मध्ये त्याने हा आवाज आपल्या तरुण सहकाऱ्याकडे, थॉमस मिजलीकडे सोपवला.

मिजलीने आधी केलं ते कुठल्याही चांगल्या मेकॅनिकने करावं असंच होतं. त्याने विचारलं, हा आवाज नेमका केव्हा होतो? त्या काळचा समज असा होता की इंधन ठिणगीच्या आधीच पेट घेतं, म्हणून ठोका पडतो. मिजलीने सिलिंडरमधला दाब क्षणाक्षणाला नोंदवायची सोय केली, आणि दिसलं ते उलटं होतं. दाबाचा झटका ठिणगीच्या नंतर येत होता. पेटलेली ज्वाला अजून पोहोचायची असते, तेवढ्यात कोपऱ्यात दाबलं गेलेलं उरलंसुरलं मिश्रण आपोआप, एकदम भडकतं. त्या छोट्या स्फोटाची लाट धातूवर आदळते. तोच ठोका. म्हणजे दोष ठिणगीचा नव्हता, इंधनाचा होता. केटरिंग निर्दोष सुटला.

पुढचा किस्सा गंमतीचा आहे. डोंगराळ भागात बर्फातून लवकर फुलणारं एक रानफूल असतं, त्याच्या पानांची मागची बाजू लालसर. लाल रंग उष्णता शोषून घेत असेल म्हणून ते लवकर फुलत असेल, तर मग इंधनच लाल केलं तर? असा तर्क या दोघांनी लढवला. तेलात विरघळणारा लाल रंग प्रयोगशाळेत सापडेना, म्हणून मिजलीने आयोडिन टाकलं. ठोका कमी झाला! मग बाजारातून खरोखरचे लाल रंग आणून टाकले, तर काहीच फरक पडेना. उलट, रंग नसलेल्या आयोडिनच्या एका संयुगाने काम केलं. तर्क साफ चुकीचा होता, पण त्या चुकीच्या तर्काने बरोबर दार उघडलं: इंधनात चिमूटभर रसायन मिसळून ठोका थांबवता येतो.

आयोडिन महाग होतं आणि धातू खात होतं. मग वर्षानुवर्षं एकेक मूलद्रव्य तपासणं सुरू झालं. सेलेनियम, टेल्युरियम यांनी काम केलं, पण वास असा की माणसं जवळ उभी राहीनात. ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचं एक संयुग इंजिनात गेलं. पेट्रोलच्या हजार भागांत एक भागाहूनही कमी मिसळलं, तरी ठोका गायब. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनच्या एका पंपावर ते पेट्रोल पहिल्यांदा विकलं गेलं. विकताना त्याचं नाव ठेवलं ‘एथिल’. नावातून शिसं तेवढं गाळलं.

आवाज गेला, पण कुठे?

शिसं विषारी आहे हे १९२३ मध्ये कुणाला नव्याने शोधायचं नव्हतं. मिजली स्वतः त्याच वर्षाच्या सुरुवातीला शिशाच्या बाधेमुळे काम सोडून विश्रांतीला गेला होता. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात हे रसायन बनवणारे ५ कामगार मेले. मरण्याआधी त्यांना भास होत होते, काहींना बांधून ठेवावं लागलं. आणखी कितीतरी जण रुग्णालयात होते. वर्तमानपत्रांनी त्या रसायनाला ‘वेड लावणारा गॅस’ म्हटलं. न्यूयॉर्क शहराने बंदी घातली. मिजलीने पत्रकारांसमोर त्याच रसायनाने हात धुतले आणि बाटली नाकाशी धरून हुंगून दाखवली.

मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनला सरकारने परिषद बोलावली. हार्वर्ड विद्यापीठातल्या ॲलिस हॅमिल्टन या कामगारांच्या आजारांच्या मोठ्या अभ्यासक. शिसं एकदा वातावरणात सोडलं की ते आवरता येणार नाही, असं त्या सांगत होत्या. इंधन-कंपनीची बाजू अशी की मोटारीचं भवितव्यच यावर अवलंबून आहे. मग एक समिती नेमली गेली. तिने काही महिन्यांत गॅरेज कामगार आणि ड्रायव्हर तपासले, आणि बंदी घालण्याएवढा पुरावा नाही, पण पुढे अभ्यास चालू ठेवावा, असं १९२६ मध्ये सांगितलं. पुढचा अभ्यास मुख्यतः उद्योगाच्याच पैशावर चालला.

दुसरा मार्ग नव्हता असंही नाही. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळलं तरी ठोका थांबतो, हे डेटनच्या त्याच प्रयोगशाळेला ठाऊक होतं. पण अल्कोहोल बरंच मिसळावं लागतं, शिसं चमचाभर पुरतं. शिशाच्या वापरावर पेटंट घेता येत होतं, अल्कोहोल कुणीही गाळू शकत होतं.

इथे जरा थांबून बघू या. डेटनमध्ये निदान चुकलं नव्हतं. ते तर अव्वल दर्जाचं होतं. आजही इंजिनचं पाठ्यपुस्तक तेच सांगतं. गडबड झाली ती निदानानंतर. इंजिनाला जे ऐकू येईल असं दुखणं होतं, ते काढून अशा ठिकाणी नेऊन ठेवलं जिथे कानच नाही. सायलेन्सरमधून बाहेर पडणारं शिसं धुळीत बसतं, श्वासातून आत जातं, लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधतं. त्याचा टणटण आवाज होत नाही. मूल वर्गात जरा मागे पडतं, जरा चिडकं होतं, इतकंच. शेजारचे काका त्याचंही निदान करतातच: लक्ष नाही, दुसरं काय.

पंपावरचा ९१

या ठोक्याने आणखी एक वारसा ठेवला, आणि तो तुम्ही दर वेळी पेट्रोल भरताना बघता. पंपावर ‘९१ ऑक्टेन’ यासारखा आकडा लिहिलेला असतो. जास्त आकडा म्हणजे जास्त ताकदीचं पेट्रोल, असा समज असतो. खरं तर तो आकडा म्हणजे एका आवाजाचं माप आहे.

१९२०च्या दशकात वेगवेगळ्या पेट्रोलांची तुलना कशी करायची हा प्रश्न होता. रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहम एडगरने दोन शुद्ध इंधनं निवडली. एक चटकन ठोकणारं, त्याला ० गुण. दुसरं, आयसो-ऑक्टेन, सहसा न ठोकणारं, त्याला १०० गुण. तुमचं पेट्रोल चाचणीच्या इंजिनात ९१ टक्के आयसो-ऑक्टेनच्या मिश्रणाइतकंच ठोकलं, की त्याचा आकडा ९१. तो ठोका मोजायलाही मिजली आणि त्याच्या सहकाऱ्याने युक्ती काढली होती. सिलिंडरला एक पातळ पडदा, त्यावर एक पोलादी पिन. ठोका पडला की पिन उडायची, उडाली की विजेचं मंडळ जोडलं जायचं. किती वेळ जोडलेलं राहिलं त्यावरून ठोक्याचा जोर कळायचा. माणसाच्या कानाची जागा यंत्राने घेतली, त्याची ही एक सुरुवात.

उस्तादाचा कान

मुंबईतल्या, पुण्यातल्या, कोल्हापुरातल्या गॅरेजपर्यंत मात्र यंत्राचा कान पोहोचायला बराच उशीर लागला. तोवर माणसाच्या कानावरच भागलं. त्याला कारण होतं. परवाना-राजच्या काळात गाड्यांचे प्रकार बोटांवर मोजण्याइतके. बंगालमध्ये उत्तरपाड्याला बनणारी ॲम्बॅसडर आणि मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट, जिचं नाव १९७०च्या दशकात प्रीमियर पद्मिनी झालं. नवी गाडी नोंदवली की वर्षानुवर्षं वाट बघायची. त्यामुळे जुनी गाडी टाकून देणं परवडायचं नाही. ती एका घरातून दुसऱ्या घरात जायची, आणि तिच्या पोटातला प्रत्येक आवाज ओळखणारा एक उस्ताद गल्लीच्या कोपऱ्यावर असायचा.

त्याचं हत्यार म्हणजे लांब पेचकस. टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची. लाएनेकच्या सुरळीचाच हा लोखंडी भाऊबंद. आवाज नेमका कुठल्या सिलिंडरमधून येतोय हे कळायला उस्ताद एकेका प्लगची वायर काढून बघायचा. ज्याची वायर काढल्यावर खालचा जड ‘ठक ठक’ नरम पडतो, त्याच्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग झिजलंय. त्या सिलिंडरमधला स्फोट थांबला, बेअरिंगवरचा भार कमी झाला, म्हणून आवाज उतरला. शाळा न शिकलेला माणूस प्रयोगशाळेतला प्रयोग करत होता: एका वेळी एकच गोष्ट बदल आणि ऐक.

आणि त्याच्याकडे भाषा होती. मराठी या बाबतीत श्रीमंत आहे. टिकटिक, टकटक, खडखड, खुळखुळ, करकर, किरकिर, घरघर, घूंघूं: प्रत्येक शब्द म्हणजे अर्धं निदान. वरून येणारी, इंजिनाच्या निम्म्या वेगाने चालणारी टिकटिक म्हणजे बहुधा टॅपेट, कारण चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्ह दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो. स्टिअरिंग पूर्ण फिरवून गाडी काढताना टकटक झालं तर एक्सलचा जॉइंट. वेगाबरोबर वाढणारी, गाडी न्यूट्रल केली तरी न थांबणारी घूंघूं म्हणजे चाकाचं बेअरिंग. डावीकडे वळताना ती वाढली तर संशय उजव्या चाकावर, कारण वळताना भार तिकडे जातो. सकाळी थंड इंजिनावर येणारा आणि तापल्यावर जाणारा आवाज वेगळा, तापल्यावर सुरू होणारा वेगळा. दुसरा जास्त काळजीचा, कारण ऑइल पातळ झाल्यावर झिजलेलं बेअरिंग उघडं पडतं.

या उस्तादांची एक शिकवण डेटनच्या गोष्टीला चपखल लागू पडते. फियाटच्या टॅपेटला किंचित फट ठेवावी लागे. ती पानं घालून मोजायची आणि स्क्रूने जुळवायची. गिऱ्हाईक म्हणायचं, टिकटिक पूर्ण बंद करा. फट नाहीशी केली की टिकटिक बंद व्हायचीही. पण मग व्हॉल्व्ह तापून लांबला की तो नीट मिटत नाही, आगीचा लोळ फटीतून निसटत राहतो आणि काही दिवसांत व्हॉल्व्ह जळतो. म्हणून जाणता उस्ताद सांगायचा, थोडी वाजू दे. वाजणारा टॅपेट परवडला, गप्प टॅपेट महागात पडतो.

पद्मिनीचं उत्पादन शतक सरता सरता थांबलं. तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी मुंबईत ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती, आणि टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची मुदत संपली. त्यांच्याबरोबर त्यांचे आवाज ओळखणारे कानही पांगले.

लिंबू कुणाचं?

जुन्या गाडीच्या बाजारात आवाज म्हणजे माहिती, आणि माहिती दोघांकडे सारखी नसते. विकणाऱ्याने ती गाडी पावसात, घाटात, पहाटेच्या थंडीत चालवलेली असते. घेणाऱ्याला वीस मिनिटं मिळतात. या एवढ्याशा विषमतेवर अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफने १९७० मध्ये एक निबंध लिहिला. अमेरिकेत फसव्या गाडीला ‘लेमन’ म्हणतात. आपल्याकडे लिंबू गाडीला दृष्ट लागू नये म्हणून बांधतात, तिकडे लिंबू म्हणजे खुद्द गाडीच. अकरलॉफचं म्हणणं असं: गिऱ्हाईकाला चांगली आणि लिंबू यांतला फरक कळत नसेल, तर ते दोघांच्या मधली किंमत देतं. त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक विकायला येत नाही. बाजारात लिंबंच उरतात. तीन नियतकालिकांनी निबंध नाकारला होता. २००१ मध्ये त्याच कामाबद्दल अकरलॉफला इतर दोघांबरोबर नोबेल मिळालं.

म्हणून आवाज लपवण्याची कलाही आवाज ओळखण्याच्या कलेइतकीच जुनी आहे. रोआल्ड डालच्या ‘मटिल्डा’ (१९८८) या मुलांच्या पुस्तकातला बाप जुन्या गाड्या विकतो आणि खडखडणाऱ्या गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा भरतो. आपल्याकडचे प्रकार कमी नाटकी असतात. गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवणं. बेअरिंगचा ठोका दबावा म्हणून जाड ऑइल ओतणं. आणि सगळ्यात सोपा: ट्रायलच्या वेळी म्युझिक सिस्टीम किती भारी आहे ते वाजवून दाखवणं. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. बिघाड तसाच राहतो, फक्त त्याची बातमी घेणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. ‘एथिल’ या नावाने पेट्रोल विकणाऱ्यांनी हेच मोठ्या प्रमाणावर केलं होतं.

शेवटचा पंप

त्या पेट्रोलचं बिंग फुटलं ते भलत्याच ठिकाणी. अमेरिकेतला क्लेअर पॅटरसन हा शास्त्रज्ञ शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचं वय काढत होता. १९५६ मध्ये त्याने ते सुमारे ४५५ कोटी वर्षं असल्याचं सांगितलं. हे करताना त्याचे नमुने सारखे बाहेरच्या शिशाने बिघडायचे. ते येतं कुठून, हे शोधता शोधता त्याला कळलं की ते सगळीकडे आहे. हवेत, समुद्राच्या वरच्या थरात, माणसांत. १९६५ मध्ये त्याने ते लिहिलं. १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमनने मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतलं शिसं मोजून त्याचा संबंध त्यांच्या बुद्ध्यांकाशी आणि वर्गातल्या वागण्याशी दाखवला. जो बिघाड वाजत नव्हता, त्याला ऐकायला दातांचा स्टेथोस्कोप करावा लागला.

दरम्यान धुराड्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. शिशाने ते निकामी होतात, म्हणून शिसं हटवणं उद्योगालाही भाग पडलं. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच झालं. म्हणजे आज तिशीच्या आसपास असलेल्यांचं पहिलं बालपण शिशाच्या धुरातच गेलंय. जगात शेवटी अल्जीरियाने जुलै २०२१ मध्ये ते पेट्रोल विकणं थांबवलं. एका टणटणीवरचा उपाय जवळपास शंभर वर्षं चालला.

आणि नाकारलेला तो दुसरा मार्ग? तो आज आपल्या पंपावर आहे. २०२५ मध्ये भारतातल्या पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचलं. त्यातलं काही महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांतून येतं. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि मायलेज यांवर त्याचा काय परिणाम होतो यावर वाद चालू आहे, आणि तो उघडपणे चालू आहे हे बरंच आहे. १९२०च्या दशकात ही चर्चा कारखान्याच्या आत मिटवली गेली होती.

आता कोण ऐकतं?

आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या इंजिनावर नॉक सेन्सर असतो. त्यातला स्फटिक थरथर ओळखतो आणि ठोका सुरू होताच कॉम्प्युटर ठिणगीची वेळ मागे घेतो. तुम्हाला काही ऐकूच येत नाही. गेल्या पंधराएक वर्षांतल्या गाड्यांना स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये छोटं यंत्र लावलं की मोबाइलवर बिघाडाचा कोड दिसतो. पण स्पीडब्रेकरवरच्या त्या ‘खट्ट’चा कोड नसतो. लिंक रॉड, बुश, इंजिनाचं फाउंडेशन, सैल झालेला सायलेन्सरचा पत्रा यांना कुठलाही सेन्सर नाही. इलेक्ट्रिक गाडीत तर इंजिनाचा आवाजच नसल्याने असे बारीक आवाज जास्तच टोचतात. म्हणजे उस्तादाची पद्धत अजून कालबाह्य झालेली नाही. ती आपल्याकडे आलीय, इतकंच.

ती पद्धत अशी. आवाज आला की आधी नाव देऊ नका, वेळ बघा. इंजिनाच्या वेगाबरोबर वाढतो की गाडीच्या? उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर दिल्यावर येतो का? थंड असताना की तापल्यावर? वळताना, ब्रेक मारताना, खड्ड्यात? मित्राला शेजारी बसवून मोबाइलवर रेकॉर्ड करा, म्हणजे गॅरेजमध्ये गाडी गप्प बसली तरी पुरावा राहील. जुनी गाडी घ्यायची असेल तर सकाळी, न सांगता, थंड इंजिनावर बघायला जा. बॉनेटला हात लावून बघा. गाणी बंद करायला सांगा आणि खिडक्या उघड्या ठेवून भिंतीच्या कडेने चालवा. भिंत चाकांचा आवाज परत कानावर टाकते.

आणि गॅरेजवाला चावी देताना ‘आवाज गेला’ म्हणाला, तर पैसे द्यायच्या आधी एवढंच विचारा: काढलेला पार्ट दाखवता का?